काळ, संस्कृती आणि मानसशास्त्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेगवेगळ्या देशांतले मानसशास्त्रज्ञ एकत्र येऊन काळाच्या आकलनाचा अभ्यास करतात, त्याबद्दल वाचकांकडून आणि सहभागी होऊ इच्छिणाऱ्यांकडून जे प्रश्न सतत येतात ते इथे एकत्र केले आहेत. कुठूनही वाचायला सुरुवात केली तरी चालेल. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. घड्याळ सगळ्या जगात सारखंच चालतं. मग निरनिराळ्या देशांत अभ्यास करायचा तो नक्की कशाचा?

चार वेगळ्या गोष्टींचा. त्या चारही एकाच नावाखाली खपतात, ही या विषयाची जुनी डोकेदुखी आहे. पहिली गोष्ट कालावधीचा अंदाज: दिवा किती सेकंद लागलेला होता? दुसरी, काळाचं मनातलं चित्र: उद्याचा दिवस समोर आहे की पाठीमागे? तिसरी, जगण्याची गती आणि वक्तशीरपणा. चौथी, माणसाचा कल: तो झाल्या-गेल्यात रमतो, आजचं आज बघतो की पुढची तजवीज करतो?

दोन समाज यातल्या एका बाबतीत वेगळे निघाले म्हणून बाकी तिन्हींत वेगळे असतील असं अजिबात नाही. 'अमुक लोकांचा काळच वेगळा' असा मथळा दिसला की आधी बघावं, चारपैकी कुठला काळ. बहुतेकदा संशोधन दुसऱ्या गोष्टीवरचं असतं आणि मथळा पहिल्या गोष्टीचा.

२. एखाद्याला वेळ किती वाटला, हे मोजतात तरी कसं?

मुख्य पद्धती तीन. आवाज ऐकवायचा आणि तो किती सेकंद होता ते विचारायचं. किंवा 'दहा सेकंद झाले असं वाटलं की बटण दाबा' असं सांगायचं. किंवा आवाज ऐकवून 'आता तेवढाच वेळ बटण दाबून ठेवा' म्हणायचं. तिन्हींची उत्तरं एकमेकांशी जुळतीलच असं नाही, म्हणून एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या आकड्याशेजारी ठेवून देशांची तुलना करता येत नाही.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. वेळ सांगावा लागणार हे आधी माहीत असेल तर लक्ष घड्याळाकडे लागतं आणि काळ रेंगाळतो. नंतर अचानक विचारलं तर माणूस आठवणींवरून हिशेब करतो. वाट बघण्यातला तास संपता संपत नाही, पण आठवड्याने तो आठवून पाहिला तर त्यात सांगण्यासारखं काहीच नसतं. भरगच्च प्रवासाचं बरोबर उलट होतं.

काही गोष्टी मात्र बऱ्याच टिकाऊ आहेत. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल व्हिएरॉर्ट यांनी १८६८ मध्ये दाखवलं की छोटे कालावधी माणूस वाढवून सांगतो आणि मोठे कमी करून. प्रयोगशाळेत आजही हे दिसतं.

३. म्हणजे काही समाजांत सेकंद लहान आणि काहींत मोठा असतो का?

असं म्हणायला भक्कम आधार नाही. या बाबतीतला माझा आवडता प्रयोग २०१७ सालचा, एमानुएल बायलुंड आणि पानोस अथानासोपुलोस यांचा. स्वीडिश भाषेत वेळ 'लांब' असतो, स्पॅनिशमध्ये 'पुष्कळ'. सहभागींना पडद्यावर लांबत जाणारी रेघ किंवा भरत जाणारं भांडं दाखवलं आणि ते किती वेळ दिसलं एवढंच विचारलं. रेघ जास्त लांबली की स्वीडिश लोक फसायचे, भांडं जास्त भरलं की स्पॅनिश बोलणारे. दोन्ही भाषा येणारी माणसं तर सूचना ज्या भाषेत मिळे त्या भाषेसारखी फसत.

बातमी इथवर आली. त्यापुढचं सहसा कोणी छापलं नाही: हा परिणाम फक्त अवघड, जेमतेम फरक असलेल्या चित्रांत दिसला, आणि भाषेची सूचना काढून टाकल्यावर नाहीसा झाला. मनाचं घड्याळ भाषेने बदललं नव्हतं. अडचणीत सापडलेल्या माणसाने हाताशी असलेला शब्द टेकू म्हणून वापरला होता.

४. भविष्य पुढे आणि भूतकाळ मागे, हे तरी सगळीकडे सारखं असेल ना?

नाही. या क्षेत्रातले सर्वांत सुंदर निकाल इथेच सापडतात.

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांत आयमारा भाषा बोलतात. तिच्यात 'नायरा' म्हणजे डोळा, समोरची बाजू आणि भूतकाळही. 'खिपा' म्हणजे पाठ आणि भविष्यही. राफाएल नुन्येझ आणि इव्ह स्वीट्सर यांनी २००६ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या शब्दांवर न थांबता त्यांनी बोलतानाचे हात बघितले. वयस्कर आयमारा माणसं जुन्या काळाबद्दल बोलताना हात पुढे करत, येणाऱ्या काळाबद्दल बोलताना खांद्यावरून मागे. जे घडून गेलं ते दिसलेलं आहे, म्हणून समोर. जे यायचं आहे ते न दिसलेलं, म्हणून पाठीशी. स्पॅनिश सफाईने बोलणाऱ्या तरुणांचे हात मात्र स्पॅनिश भाषकांसारखेच हलत.

पापुआ न्यू गिनीतल्या युप्नो लोकांचा काळ डोंगरउतारावर राहतो: भूतकाळ उताराच्या दिशेला, भविष्य चढाच्या (नुन्येझ आणि सहकारी, २०१२). ऑस्ट्रेलियातल्या पोर्मपुराव या आदिवासी वस्तीत लेरा बोरोडिट्स्की आणि ॲलिस गॅबी यांनी लोकांना चित्रांचे संच दिले, माणूस म्हातारा होतानाचे वगैरे, आणि क्रमाने लावायला सांगितलं. त्यांनी ते पूर्वेकडून पश्चिमेकडे लावले. दक्षिणेकडे तोंड करून बसले तर डावीकडून उजवीकडे, उत्तरेकडे तोंड केलं तर उजवीकडून डावीकडे, पूर्वेकडे तोंड असेल तर दुरून स्वतःच्या अंगाकडे. दिशा कुणी सांगितलेली नव्हती.

आता जरा मराठीकडे बघा. 'मागच्या आठवड्यात' आणि 'पुढच्या महिन्यात' म्हणताना आपलं भविष्य समोर असतं. पण 'पूर्वी' या शब्दात पूर्व दिशा आहे, आणि संस्कृतात 'पूर्व' म्हणजे समोरचं, आधीचं आणि उगवतीचं असं तिन्ही. 'पश्चात' आणि 'पश्चिम' हे तसेच जुळे: पाठीमागचं, नंतरचं, मावळतीचं. उगवतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचा हा नकाशा आहे आणि त्यात आधीचं समोर, नंतरचं पाठीशी! यावरून मराठी माणूस आयमारांसारखा विचार करतो असं मात्र म्हणू नका. शब्दाच्या पोटात काय आहे आणि बोलणाऱ्याच्या मनात काय आहे, हे वेगवेगळं तपासावं लागतं. हात बघतात ते त्यासाठीच.

५. यात लिहिण्याच्या दिशेचा काही संबंध असतो का?

असतो, आणि तो बऱ्यापैकी ठरलेला आहे. डावीकडून लिहिणारे घटना डावीकडून उजवीकडे मांडतात, हिब्रू आणि अरबी लिहिणारे बहुधा उलट. बार्बरा ट्वेर्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हे मुलांमध्येही दाखवलं. पण ही कागदाची सवय आहे. अंगाच्या पुढे-मागे काय आहे (प्रश्न ४) हा वेगळा मुद्दा.

६. होपी लोकांच्या भाषेत काळच नाही, असं शाळेपासून ऐकतोय. खरं आहे का?

नाही. होपी ही अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात. भाषाशास्त्रज्ञ बेंजामिन ली व्होर्फ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तसं मांडलं आणि ते जगभर पसरलं. १९८३ मध्ये एकेहार्ट मालोत्की यांनी होपी भाषेतल्या काळाच्या शब्दांवर आणि रचनांवर सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तरी जुनी गोष्ट मरत नाही, कारण ती सांगायला छान आहे.

याचाच नवा अवतार म्हणजे ब्राझीलमधली अमोंदावा जमात. क्रिस सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये लिहिलं की त्यांच्या भाषेत 'काळ' असा अमूर्त शब्द नाही आणि काळाबद्दल जागेच्या उपमेने बोलण्याची पद्धतही दिसत नाही. 'या लोकांना काळ कळत नाही' असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही. अमोंदावा ऋतू ओळखतात, घटना क्रमाने सांगतात, आणि वय व नातं बदलेल तसं माणसाचं नावही बदलतं. वेगळ्या कप्प्यात ठेवलेला शब्द नसला म्हणजे वस्तूच नाही असं होत नाही.

७. भाषांतरात एवढं काय अवघड आहे? प्रश्नावली मराठीत आणली की झालं.

हे कोणी म्हटलं की मी बुधवारच्या मीटिंगचं उदाहरण देतो. इंग्रजीत एक प्रसिद्ध प्रश्न आहे: बुधवारची मीटिंग दोन दिवस अमुक दिशेला सरकवली, तर आता ती कोणत्या वारी? मूळ शब्द ('फॉरवर्ड') असा दुटप्पी आहे की काही जण सोमवार म्हणतात, काही शुक्रवार. आपण काळाकडे चालत जातो असं वाटणारे एक उत्तर देतात, काळ आपल्याकडे येतो असं वाटणारे दुसरं. सगळी गंमत त्या संदिग्धतेत आहे.

आता मराठी करा. 'मीटिंग दोन दिवस पुढे ढकलली.' झालं, शुक्रवार. 'दोन दिवस अलीकडे घेतली' म्हणा, सोमवार. भाषांतर अचूक आहे आणि चाचणी ठार मेली आहे, कारण आता उत्तर मनातल्या चित्रावरून न येता वाक्प्रचारातून येतं. अशा वेळी भाषांतर सोडून देऊन नवी चाचणी रचावी लागते.

उलटही होतं. आपला 'परवा' मागचाही असतो आणि पुढचाही. 'परवा भेटलो' आणि 'परवा भेटू' यांत गोंधळ होत नाही, क्रियापद सांभाळून घेतं. पण प्रश्नावलीत क्रियापदाशिवाय नुसत्या रकान्यात 'परवा' लिहिलं की निम्मी उत्तरं कुठल्या बाजूची आहेत ते कळत नाही. तसंच 'घटकाभर'चं. हिशेबाने घटका म्हणजे २४ मिनिटं, पण 'घटकाभर टेक' म्हणणारा मिनिटं मोजत नसतो.

नेहमीची रीत अशी: एक जण मराठी करतो, मूळ न पाहिलेला दुसरा ते परत मूळ भाषेत नेतो, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाद घालतात. वाद झाला नाही तर मला जरा शंकाच येते.

८. काही देशांतले लोक वेळ पाळतात आणि काही नाही, हे सिद्ध झालंय ना?

गती मोजली गेली आहे. रॉबर्ट लेव्हिन आणि आरा नोरेन्झायन यांनी १९९९ मध्ये ३१ देशांची तुलना प्रसिद्ध केली. प्रत्येक ठिकाणी तीन मोजमापं: रस्त्यावर एकटा चालणारा माणूस ६० फूट किती सेकंदांत जातो, टपाल कचेरीतला कारकून एक तिकीट द्यायला किती वेळ घेतो, आणि बँकांमधली भिंतीवरची घड्याळं किती बरोबर आहेत. स्वित्झर्लंड, आयर्लंड आणि जर्मनी सर्वांत वेगवान निघाले. ब्राझील, इंडोनेशिया आणि मेक्सिको तळाशी. थंड हवा, सधन अर्थव्यवस्था आणि व्यक्तिवादी समाज असेल तिथे गती जास्त. अशा ठिकाणी हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त होते, आणि गंमत म्हणजे लोक स्वतःला जास्त समाधानीही सांगत होते.

मर्यादा समोरच दिसतात. मोजमापं मोठ्या शहरांत झाली, म्हणजे देशाच्या नावावर शहराची चाल नोंदली गेली. टपालाच्या खिडकीवरचा वेळ कारकुनाच्या स्वभावाइतकाच त्याच्या कामाच्या पद्धतीवर अवलंबून असतो. आणि जोरात चालणं म्हणजे वेळेवर पोचणं नव्हे.

वक्तशीरपणाबद्दल लेव्हिन यांचंच १९८० चं जुनं काम मला जास्त बोलकं वाटतं. ब्राझीलमधल्या नितेरॉय आणि कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो इथल्या लोकांची त्यात तुलना होती. ब्राझीलमध्ये सार्वजनिक घड्याळं आणि मनगटी घड्याळंही कमी अचूक होती, आणि उशिरा येण्याकडे लोक जास्त उदारपणे बघत. जिथे कोणाचंच घड्याळ दुसऱ्याशी जुळत नाही तिथे 'उशीर' कशाला म्हणायचं हे सगळ्यांनी मिळून सैल धरलेलं असतं. त्यात आळस शोधणं म्हणजे उत्तर आधी ठरवून प्रश्न विचारणं.

९. ऑनलाइन चाचणीत मी 'भूतकाळात रमणारा' निघालो. हे खरं मानू का?

बहुधा तुम्ही फिलिप झिम्बार्डो आणि जॉन बॉइड यांची १९९९ ची प्रश्नावली किंवा तिची एखादी नक्कल सोडवली असेल. मूळ प्रश्नावलीत ५६ विधानं आणि पाच कल आहेत: भूतकाळाकडे कडवटपणे बघणं, गोडीने बघणं, आजची मजा, आजची हतबलता, आणि भविष्य. या पाचपैकी एकच खरा तुम्ही, असा तिचा दावा नाही. पाचही कमी-जास्त प्रमाणात सगळ्यांत असतात.

देशादेशांची तुलना करायची तर आधी तीच विधानं सगळीकडे तेच मोजतात का, हे बघावं लागतं. ॲना सिर्कोवा आणि त्यांच्या मोठ्या गटाने २०१४ मध्ये २४ देशांतल्या १२,२०० लोकांवर ते तपासलं, आणि तुलनेला योग्य म्हणून ३६ विधानांची आवृत्ती पुढे आली. बाकीची का गळतात याची कल्पना हतबलतेच्या विधानांवरून येईल. तिथे मराठीत 'नशीब' घालायचं, 'दैव' की 'प्रारब्ध'? 'नशीब' माणूस सहज बोलून जातो. 'प्रारब्ध' म्हटलं की त्यात मागचा हिशेब येतो. शब्द बदलला की होकार देणारेही बदलतात.

१०. ज्या भाषेत भविष्यकाळ नाही ती बोलणारे जास्त बचत करतात, हे वाचलं. खरं?

अर्थशास्त्रज्ञ कीथ चेन यांनी २०१३ मध्ये असा परस्परसंबंध मांडला आणि तो खूप गाजला. अडचण अशी की भाषा एकमेकींपासून सुट्या नसतात. बहिणी-बहिणींच्या घरात सवयी सारख्या असल्या तर त्या प्रत्येकीला वेगळा पुरावा धरता येत नाही. हा आक्षेप फ्रान्सिस गॉल्टन यांनी एकोणिसाव्या शतकातच घेतला होता. २०१५ मध्ये शॉन रॉबर्ट्स, जेम्स विंटर्स आणि स्वतः कीथ चेन यांनी भाषांची नाती हिशेबात धरून पुन्हा विश्लेषण केलं, तेव्हा तो संबंध बराच कमकुवत झाला. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाला असं तपासायला बसणारा संशोधक विरळा, म्हणून मुद्दाम सांगितलं.

शिवाय 'भविष्यकाळ आहे' म्हणजे तरी काय? आपण जागचे न हलता 'हा आलोच!' म्हणतो. व्याकरण भूतकाळाचं आणि माणूस अजून चपला शोधतोय.

११. मग गरीब देशांतले लोक पुढचा विचार करत नाहीत, हेही चूक का?

असं सरसकट म्हणणं चूक आहे. आज थोडे पैसे की नंतर जास्त, अशा निवडींचा ६१ देशांतल्या १३,६२९ लोकांवरचा सहकारी अभ्यास २०२२ मध्ये आला (काई रुजेरी आणि सहकारी). 'आत्ताच' घेण्याकडे झुकण्याच्या ठरावीक तऱ्हा सगळीकडे सापडल्या, श्रीमंत देशांतही. फरक होते, पण त्यांचा धागा व्यक्तीच्या उत्पन्नापेक्षा विषमता आणि भोवतालच्या आर्थिक अस्थिरतेकडे जात होता. उद्याचा भरवसा नसेल तर आजचं आज घेणं हा साधा हिशेब आहे.

१२. वय वाढतं तशी वर्षं भराभर जातात. हे सगळ्यांना होतं का?

वाटतं बहुतेकांना. मार्क विटमन आणि सँड्रा लेनहॉफ यांनी २००५ मध्ये १४ ते ९४ वयाच्या ४९९ जणांना विचारलं. 'गेली दहा वर्षं किती वेगाने गेली' या प्रश्नात वयानुसार फरक दिसला, पण छोटा. गेला आठवडा किंवा महिना विचारला तर तरुण काय नि म्हातारे काय, जवळपास सारखेच 'भुर्रकन' म्हणाले.

१३. लॉकडाऊनमध्ये दिवस कळेनासे झाले होते. त्याचा अभ्यास झाला का?

झाला, आणि नऊ देशांत एकाच वेळी. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या माहितीसंचात २,८४० लोकांनी निदान एक तरी चाचणी दिली. एकूण १४ प्रश्नावल्या आणि १५ कृती होत्या. पहिल्या फेरीतल्या सगळ्याच्या सगळ्या पुऱ्या करणारे निघाले ४३९. लांबलचक अभ्यासांतली गळती ही अशी असते. हा संच इतर संशोधकांना खुला आहे, त्यामुळे आपल्या शंका त्यावर तपासता येतात.

१४. एवढ्या देशांतल्या लोकांची मोट बांधण्याची गरज काय? एकाच विद्यापीठात होत नाही का?

होत होतं, तोच तर घोळ होता. जेफ्री आर्नेट यांनी अमेरिकन मानसशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकांची मोजदाद केली, तेव्हा २००३ ते २००७ मधल्या अभ्यासांचे ९६ टक्के सहभागी पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले. जगाच्या लोकसंख्येत त्या देशांचा वाटा जेमतेम १२ टक्के. शिवाय बाहेरून आलेल्या एकट्या संशोधकाला 'पुढे ढकलली' (प्रश्न ७) खटकत नाही. ती भाषा घरात बोलणारं कोणीतरी टेबलाशी बसलेलं लागतं, तेही आराखडा ठरताना. नंतर नुसती माहिती गोळा करून पाठवायला नव्हे.

१५. आधीचा निकाल पुन्हा आला नाही तर?

तर तो छापायचा. मँडरिन (चीनमधली मुख्य भाषा) बोलणारे काळाची उभी, म्हणजे वरून खाली जाणारी, कल्पना करतात, हा २००१ चा निकाल घ्या. २००७ मध्ये दोन वेगळ्या गटांनी तो पडताळून पाहिला. डेव्हिड जान्युअरी आणि एडवर्ड काको यांनी त्यातल्या इंग्रजी भाषकांच्या भागाचे सहा प्रयत्न केले, जमलं नाही. जेन्न-येउ चेन यांनाही मूळ निकाल मिळाला नाही. पुढे वेगळ्या पद्धतींनी मँडरिन भाषकांत उभी मांडणी दिसली. म्हणजे मूळ कल्पना पूर्ण फोल नव्हती, तो विशिष्ट प्रयोग डळमळीत होता. एवढा बारकावा मथळ्यात मावत नाही.

१६. मी दोन भाषा सारख्याच बोलतो. कुठल्या भाषेत भाग घेऊ?

सांगितलेल्या भाषेत, आणि दुसरी किती वापरता ते खरं लिहून. प्रश्न ३ मध्ये पाहिलंच, तोच माणूस भाषा बदलली की वेगळा वागू शकतो. तुमच्यासारखे लोक नमुन्यातली अडचण नाहीत, उलट फार कामाचे आहेत: माणूस तोच ठेवून फक्त भाषा बदलता येते.

१७. चाचणी देताना मनात आकडे मोजले तर चालतात का?

बहुतेक चाचण्यांत नको म्हणून स्पष्ट सांगतात, कारण मग तुमची कालजाणीव मोजली जात नाही, मोजणी मोजली जाते. पायाने ठेका धरणंही त्यातच आलं. सवयीने मोजलंच गेलं तर शेवटी तसं सांगा, कोणी रागावत नाही. मनगटावरचं घड्याळ काढून ठेवा आणि फोन दुसऱ्या खोलीत.

१८. सत्राला पोचायला उशीर झाला तर तीही नोंद होते का? विषय काळाचा आहे म्हणून विचारतो.

हा प्रश्न थट्टेत येतो, पण खूप येतो. नाही होत. ज्या गोष्टीला तुम्ही संमती दिली तेवढंच मोजायचं असतं, आणि दारात कधी आलात हे संमतीपत्रात नसतं. फक्त उशीर होणार असेल तर कळवा. आणि 'पाच मिनिटांत पोचतो' असं कळवू नका, खरी वेळ सांगा, म्हणजे पुढच्या माणसाला आधी बसवता येतं.